फियाटची ब्रेक पाइप गंजली आहे: मधला तुकडा जोडावा की पूर्ण पाइप बदलावी?

सावईवेरेकर
नमस्कार मंडळी. आमच्या घरी १९६९ ची फियाट ११०० डी आहे, आजोबांनी घेतलेली. बरीच वर्षं शेडमध्ये उभी होती, आता पुन्हा रस्त्यावर आणतोय. इंजिन आणि वायरिंगचं काम झालं. परवा गाडी घोडीवर चढवून खालून बॅटरी मारली, तर मागच्या अ‍ॅक्सलवरून डाव्या चाकाकडे जाणारी स्टीलची ब्रेक पाइप क्लिपच्या बरोबर खाली गंजलेली. वरची साल नखाने निघते आणि तिथे ब्रेक ऑइलचा ओलावा लागतो.

आमच्या मेस्तचं (मेकॅनिकचं) म्हणणं असं, की गंजका वीतभर भाग कापायचा, फ्रीजच्या दुकानातून तांब्याची नळी आणि पितळी कॉम्प्रेशन जॉइंट आणायचे, अर्ध्या तासात काम संपलं. मेस्त जुना आहे, हात चांगला आहे. पण गाडीत आई-बाबा आणि मुलं बसणार, म्हणून विचारतोय. हे चालेल का? पूर्ण पाइप बदलायची तर कुठली घ्यावी आणि फिटिंग कशी ओळखावी?

मांडवीकाठ
नको. एवढंच सांगतो, बाकी जाणकार सविस्तर सांगतील. तुमच्या गाडीला सिंगल सर्किट ब्रेक आहे, म्हणजे चारही चाकांना ऑइलची एकच लाइन. एक जॉइंट सुटला की एक चाक नाही, चारही चाकांचा ब्रेक जातो.

पेडणेकर_७१
एवढं घाबरवू नका हो त्यांना. माझ्या अ‍ॅम्बॅसिडरला असाच जॉइंट आहे, मागच्या मालकाने बसवलेला. पत्रादेवी ते पणजी नेहमीची ये-जा आहे, एक थेंब गळत नाही. जुन्या मेस्तांनी असेच जॉइंट मारून कितीतरी गाड्या चालवल्या. तेव्हा काही सगळ्या गाड्या दरीत गेल्या नाहीत.

वेर्णा_क्यूसी
पेडणेकरबाब, आकडे मांडू, मग बोलू.

समजा पाय पेडलवर ५० किलोचा जोर देतोय. समोर अचानक म्हैस आली तर याहून जास्त देतो. पेडलचा लिव्हर रेशो साधारण ५ धरला तर मास्टर सिलिंडरच्या (पेडलच्या जोराने ब्रेक ऑइल दाबणारा सिलिंडर) पिस्टनवर २५० किलो. सिलिंडरचा बोअर (आतला व्यास) पाऊण इंची असेल तर पिस्टनचं क्षेत्रफळ २.८५ चौरस सेंमी. भागाकार करा: चौरस सेंटिमीटरला ८७-८८ किलो, म्हणजे १२५० पीएसआयच्या आसपास. टायरमध्ये आपण २५-३० पीएसआय हवा भरतो. फ्रीज-एसीच्या लाइनमध्ये कडक उन्हात दोन-तीनशे पीएसआय होतो. ज्या कामासाठी ते जॉइंट बनवले त्याच्या चार-पाच पट दाब इथे आहे, आणि तोही दर वेळी एका झटक्यात येणारा.

पेडणेकर_७१
तुमचेच आकडे घेतो. ३/१६ इंची नळीचं बाहेरून क्षेत्रफळ ०.१८ चौरस सेंमी धरा. गुणिले ८८, म्हणजे नळी जॉइंटमधून बाहेर ढकलणारा जोर झाला १६ किलोच्या आत. नीट आवळलेला पितळी जॉइंट १६ किलो सहज पेलतो. हातांनी ओढून निघतो का बघा!

टर्नर_कुंडई
हिशेब बरोबर आहे आणि मुद्दा चांगला आहे. नवा जॉइंट टेबलावर ठेवून तपासला तर तो १६ किलो पेलेलही. पण गाडीखाली तो टेबलावर नसतो.

कॉम्प्रेशन जॉइंटमध्ये पितळेची एक रिंग असते. नट आवळला की ती रिंग नळीवर दाबली जाते. धरून ठेवायला फक्त ती पकड. तांब्याची नळी मऊ, त्यामुळे रिंग तिच्यात थोडी रुतते. स्टीलच्या ब्रेक पाइपमध्ये ती रुतत नाही, वरच्यावर बसते. त्यात ही पाइप गंजकी, म्हणजे रिंगच्या खाली गंजाची भुकटी. मागचा अ‍ॅक्सल दिवसभर थरथरतो, खड्ड्यात आपटतो, ब्रेक दाबला-सोडला की नळी दर वेळी किंचित पुढे-मागे होते. पकड हळूहळू ढिली होते आणि ते वरून दिसत नाही. दिसतं ते एकदम, जोरात ब्रेक मारल्यावर, म्हणजे ज्या क्षणी ब्रेक हवाच असतो तेव्हा.

फ्लेअर मारलेल्या जोडात नळीचं तोंडच बाहेर वळवून फुलवलेलं असतं आणि नट त्या फुलवलेल्या तोंडाला मागून धरतो. ते तोंड फाटल्याशिवाय नळी नटातून निघूच शकत नाही. वर्षानुवर्षं थरथर झाली तरी हे बदलत नाही. म्हणून ब्रेकला फ्लेअरच लागतो, तोही डबल, म्हणजे तोंड आत दुमडून दुहेरी केलेला. सिंगल फ्लेअरमध्ये स्टीलची पाइप तोंडाशी चिरते.

आणि फ्रीजची तांब्याची नळी तर अजिबात नको. तांबं थरथरीने कडक होत जातं आणि मग क्लिपच्या कडेला किंवा नटाच्या मागे गोल तडकतं.

स्नेहल_म्हापसा
टर्नरदादा, मग तुकडा जोडायचाच तर दोन्ही बाजूंना डबल फ्लेअर आणि मधे ब्रेकचा युनियन (दोन पाइपा जोडणारा तुकडा) असं चालतं ना?

टर्नर_कुंडई
चालतं, ताई. फ्लेअरवाला खरा ब्रेक युनियन असेल आणि उरलेली पाइप धडधाकट असेल तर. पण सावईवेरेकरांची पाइप क्लिपखाली गंजली आहे, म्हणजे दुसऱ्या क्लिपखालीही तेच चालू असणार. आपल्याकडे समुद्राची खारी हवा, वर चार महिने पाऊस. क्लिपच्या रबरात चिखल अडकतो आणि तिथे पाइप कधी सुकतच नाही. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नवी पाइप टाकली तर मधे एकही जोड राहत नाही. मीटरभर पाइपसाठी दोन जोड वाढवण्यात काय हशील?

दोडामार्गकर
डिचोलीला खाणीच्या मशिनरीचे हायड्रॉलिक होज बनवून देणारी दुकानं आहेत. तिथे हजारो पीएसआयचे होज (रबरी नळ्या) टोकांना फिटिंग दाबून बसवून मिळतात. पाइपऐवजी सरळ तसा होज टाकला तर? पोकलेनचा बूम उचलतो तो होज, फियाटचा ब्रेक त्याला काय जड?

डिचोली_हायड्रॉलिक
मी याच धंद्यात आहे, म्हणून कळकळीने सांगतो: नका टाकू. दाबाचा प्रश्नच नाही, दाब तो हसत पेलेल. प्रश्न रबराचा आहे. आमच्या होजच्या आतलं रबर बहुतेक नायट्राइल असतं, ते खनिज हायड्रॉलिक तेलासाठी. ब्रेक ऑइल ग्लायकॉलचं. त्यात नायट्राइल फुगतं, मऊ पडतं, त्याचे कण सुटून व्हील सिलिंडरपर्यंत (चाकातला, ब्रेक दाबणारा सिलिंडर) जातात. ब्रेकच्या होजला वेगळं रबर असतं, बहुतेक ईपीडीएम. उलटही तितकंच खरं: ब्रेकच्या टाकीत कुणी चुकून इंजिन ऑइल ओतलं तर सगळे रबर कप फुगून बाद होतात.

दुसरी गोष्ट. आमच्या दुकानात मिळणारी बरीच फिटिंग्ज ३७ अंशांच्या फ्लेअरची असतात. गाडीच्या ब्रेकचा डबल फ्लेअर ४५ अंशांचा. दोन्ही हातात घेतल्या तर डोळ्यांना फरक कळत नाही, नटही कधीकधी फिरतो. पण तोंड आणि सीट (तोंड जिथे टेकतं ती जागा) एका रेषेवर टेकतात, पूर्ण पृष्ठभागावर नाही. मग गळतं म्हणून माणूस अजून आवळतो आणि तोंड चिरतं.

मांडवीकाठ
हा ३७-४५ चा मुद्दा मला ठाऊक नव्हता. धन्यवाद.

चोर्ला_उतार
पाइपबरोबर होजही बघा. अ‍ॅक्सलवर येणारा रबरी होज आतून सुजला की तो एकतर्फी झडपेसारखा वागतो: दाब जातो, परत येत नाही, चाक धरून राहतं. ड्रम तापला, वास आला की लोक व्हील सिलिंडर उघडतात आणि होज तसाच राहतो. काम करताना होजला ड्रमचं किंवा अ‍ॅक्सलचं वजन लटकू देऊ नका.

आणि ऑइल. गोव्याच्या दमट हवेत ते पाणी ओढतं. डॉट ३ दर्जाचं ऑइल नवं असताना २०५ अंश सेल्सिअसला उकळतं, ओलावा घेतलेलं १४० ला. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५. मी चोर्ला घाटातून साखळीकडे उतरताना गिअरमध्येच उतरतो, तरी ड्रम हात लावून घेत नाही, इतका तापतो. बरीच वर्षं उभ्या गाडीतलं ऑइल ठेवण्यात अर्थ नाही, सगळं काढा.

पेडणेकर_७१
ऑइल कुठलं टाकायचं यावर पण लिहा कुणीतरी. डॉट ५ सगळ्यात वरचं म्हणून दुकानदार देतो.

चोर्ला_उतार
डॉट ५ सिलिकॉनचं आहे, ते ३ आणि ४ मध्ये मिसळत नाही. डॉट ५.१ मात्र ग्लायकॉलचंच. आकड्यावरून वरचं-खालचं ठरवू नका, डब्यावरचं वाचा. जुन्या ड्रम ब्रेकला चांगल्या कंपनीचं डॉट ३ किंवा ४ पुरतं, सीलबंद डबा मात्र नवा फोडायचा. आणि हो, रंगावर सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, रंग सोलून काढतं ते.

कुडचडे_कार्स
थोडं वेगळं लिहितो. हे सगळं काढताच आहात तर टँडम मास्टर सिलिंडर बसवून पुढचं-मागचं सर्किट वेगळं करून घ्या ना. एक बाजू गेली तर दुसरी राहील.

जुनीगाडी
कुडचडे, हेतू चांगला आहे, पण सरसकट सल्ला देऊ नका. मास्टर सिलिंडरचा बोअर बदलला की पेडलचा जोर आणि प्रवास दोन्ही बदलतात. पुढच्या-मागच्या व्हील सिलिंडरशी जुळला नाही तर मागची चाकं आधी लॉक होतील. पावसात वळणावर ते फार वाईट. जाणकार माणूस मोजमाप घेऊन करणार असेल तर जरूर करावं. आहे ते सर्किट मूळ स्थितीत निर्दोष ठेवणं ही पहिली पायरी.

शिवाय गाडी १९६९ ची, म्हणजे ५० वर्षांच्या वर. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार तिला व्हिंटेज म्हणून ‘व्हीए’ मालिकेचा नंबर मिळू शकतो, पण त्यासाठी गाडी मूळ रूपात असावी लागते, मोठे बदल चालत नाहीत.

सावईवेरेकर
व्हीए नंबर घेतला की रोज वापरता येत नाही ना? आम्हाला ती बाजाराला, देवळाला न्यायची आहे.

जुनीगाडी
बरोबर. प्रदर्शन, रॅली, इंधन, दुरुस्ती अशा कारणांसाठीच. तुमचा वापर रोजचा असेल तर नोंदणीचं नेहमीचं नूतनीकरणच चालू ठेवा. फिटनेसला जाणार म्हणजे ब्रेक तपासला जाणारच. मूळ प्रश्नाकडे या.

सावईवेरेकर
आज मेस्तबरोबर बसून मागची सगळी लाइन सोडवली. धाग्यातलं सगळं त्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, “फ्लेअर मारपाचें हत्यार हाडून दी, हांव करतां.” म्हणजे तो तयार आहे.

पण एक नवीनच निघालं. अ‍ॅक्सलवर पितळी टी-पीस आहे. एका बाजूने होज येतो, दोन बाजूंनी चाकांकडे पाइपा जातात. उजवीकडचा नट बोटांनी फिरवला की डुगडुगतो, सीटला टेकला की मग आवळतो. डावीकडचा नट सुरुवातीपासून नीट घट्ट फिरतो. दोन्हींना एकच पान्हा लागला नाही. मेस्त म्हणतो, झिजला असेल, टेप गुंडाळू.

टर्नर_कुंडई
थांबा. टेप गुंडाळू नका. व्हर्निअर आहे का? दोन्ही नटांच्या आट्यांचा बाहेरचा व्यास मोजून लिहा.

सावईवेरेकर
डावा ९.९ मिमी. उजवा ९.४५.

टर्नर_कुंडई
मला तीच शंका होती. डावा नट एम १० (१० मिमी), पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, १ मिमी. फियाट मेट्रिक गाडी आहे, तो बरोबर आहे. उजवा ३/८ इंची यूएनएफ (इंची मापाचे बारीक आटे), इंचाला २४ आटे. म्हणजे मॉरिसच्या घराण्यातला, थोडक्यात अ‍ॅम्बॅसिडरचा. कुणीतरी कधीतरी अ‍ॅम्बॅसिडरची पाइप कापून इथे बसवली आहे.

हे किती धोक्याचं आहे ते सांगतो. २४ आट्यांची पिच १.०६ मिमी येते, समोर १ मिमी. फरक इतका कमी की नट आत जातो. व्यास मात्र जवळजवळ अर्ध्या मिलिमीटरने कमी. त्यामुळे आटे एकमेकांत पूर्ण उतरत नाहीत, अर्ध्याच्या आसपास खोलीवर टेकून राहतात. सीटला टेकल्यावर पान्ह्याला घट्टही लागतो, म्हणून बसवणाऱ्याला वाटतं झालं काम. मग एखाद्या दिवशी जोरात ब्रेक दाबला की आट्यांचे माथे सोलून नट बाहेर येतो. उलट केलं, म्हणजे एम १० नट ३/८ च्या भोकात घातला, तर तो एक-दोन फेऱ्यांत अडकतो आणि माणसाला कळतं. ही बाजू कळत नाही.

टेपचा प्रश्नच येत नाही. ब्रेकच्या जोडात गळती थांबवतं ते फुलवलेलं तोंड आणि सीट. आटे फक्त दाबून धरतात. टेप लावली तर ढिलाई झाकली जाते आणि तुकडे सुटून लाइनमध्ये जातात.

पेडणेकर_७१
हे वाचून अंगावर काटा आला. अ‍ॅम्बॅसिडरला उलटं कुणी केलेलं नसेल?

टर्नर_कुंडई
पेडणेकरबाब, तुमच्या गाडीला खालून सगळे नट मोजून घ्या. नंतरच्या मॉडेल्समध्ये इंजिनपासून बरंच काही बदललं, त्यामुळे गाडीच्या नावावरून गृहीत धरू नका. आणि तो जॉइंटही काढून टाका, माझ्या शब्दाखातर.

पेडणेकर_७१
जॉइंटबद्दल माझं मत अजून पूर्ण बदललेलं नाही. आडरानात गाडी अडकली तर हळूहळू घरी आणायला तो कामाचा, असं मला वाटतं.

वेर्णा_क्यूसी
नाही बाब. आडरानात अडकलो तर टोइंग. सिंगल सर्किटला ‘हळूहळू’ असं काही नसतं. मोलेकडे उतरताना हळू गाडीलाही ब्रेक लागतो.

स्नेहल_म्हापसा
मेस्तकडे फ्लेअरचं हत्यार नाही असं दिसतं. विकत घेताना डबल फ्लेअरचा सेट घ्या, एसीवाल्यांचा सिंगलवाला नको. आणि कुठला फ्लेअर मारायचा ते पोर्टमध्ये (नट बसतो त्या भोकात) बॅटरी मारून बघा. तळाशी बाहेर आलेला शंकू दिसला तर डबल फ्लेअर, तोंड आत वळलेलं. तळ खोलगट असेल तर बबल फ्लेअर, छत्रीसारखा. एकावर दुसरा बसवला की गळतोच. माझ्या भावाच्या गाडीवर एका गॅरेजमध्ये नेमकं हेच झालं होतं, वर्षभर प्रत्येक जण फक्त आवळत राहिला.

टर्नर_कुंडई
अगदी बरोबर, ताई. बबलच्या नटाच्या टोकाला बहुतेक वेळा थोडा भाग आट्यांविना असतो, तेही ओळखायला मदत करतं.

पाइपबद्दल: स्टीलची घ्या किंवा कॉपर-निकेलची. कॉपर-निकेल म्हणजे नुसतं तांबं नाही, साधारण १० टक्के निकेल आणि थोडं लोखंड असलेला मिश्रधातू. खाऱ्या हवेत गंजत नाही, हाताने वळते, फ्लेअर सुरेख बसतो. व्होल्वो कंपनी १९७० च्या दशकापासून गाड्यांना तीच वापरते. आपल्या किनाऱ्याला मी तीच सुचवेन. स्टेनलेस मोहक दिसतं, पण कडक असल्याने घरगुती हत्याराने फ्लेअर नीट येत नाही.

पाइप करवतीने कापू नका, छोटा ट्यूब कटर घ्या. आतली धार काढा, हवा मारा. नट आधी नळीत ओवा आणि मग फ्लेअर मारा. भले भले मेस्त हे विसरून नळी पुन्हा कापतात. नट सोडवायला साधा उघडा पान्हा नको, कोपरे गोल होतात. फ्लेअर नटाचा खाचवाला पान्हा येतो तो घ्या. होजच्या बॅन्जो बोल्टला (ऑइल आतून जाणारा पोकळ बोल्ट) तांब्याची वॉशर असेल तर दोन्ही बाजूंची नवी टाका.

सावईवेरेकर
सगळ्यांचे मनापासून आभार. ठरलं ते असं: मागच्या दोन्ही पाइपा आणि पुढून मागे येणारी लांब पाइप कॉपर-निकेलची, नवे एम १० नट, होज तिन्ही नवे, ऑइल सगळं बदलायचं. पोर्टमध्ये बघितलं, शंकू बाहेर आलेला आहे, म्हणजे डबल फ्लेअर. मेस्त स्वतः सरावाचे तुकडे करून बघणार आहे. टी-पीस तोच ठेवू का? डाव्या बाजूचे आटे चांगले दिसतात. आणि सगळं जोडल्यावर तपासणी कशी करायची?

चोर्ला_उतार
एअर काढून झाली की प्रत्येक जोड कोरडा पुसा आणि टिश्यू पेपर गुंडाळा. इंजिन बंद, एकाने पेडल पूर्ण जोराने दाबून पाच मिनिटं धरायचं. पेडल हळूहळू खाली जातंय का बघा. गेलं आणि कागद कोरडे असतील तर व्हील सिलिंडरची रबरं उचलून बघा. तीही कोरडी असतील तर मास्टर सिलिंडर आतून सोडतोय. मग गेटच्या आत, सपाटीवर, चालण्याच्या वेगाने. रस्त्यावर त्यानंतर. आठवड्याने परत कागद लावा.

टर्नर_कुंडई
टी-पीस ठेवू नका. उजव्या पोर्टचे आटे त्या बारीक नटाने खाल्लेले असणार, आणि तिथे कितीतरी वेळा जास्त आवळल्यामुळे सीटचा शंकूही दबलेला असेल. नवा एम १० चा टी-पीस मिळतो. जुना फेकायच्या आधी कुंडईला घेऊन या, शनिवारी दुपारनंतर मी वर्कशॉपमध्ये असतो. पोर्टमध्ये प्लग गेज (आटे तपासायचं माप) लावून मेस्तला दाखवतो, त्यालाही घेऊन या. फ्लेअरिंग सेट माझ्याकडे आहे, विकत घेऊ नका, काम होईपर्यंत न्या.

पेडणेकर_७१
शनिवारी मीही येतो. गाडी घेऊनच. रॅम्प आहे ना तिथे?

टर्नर_कुंडई
रॅम्प आहे, बाब. पण गाडी टोइंगने आणा.